शनिवार-रविवारी आम्हालाच आमच्या घाटावर जाता येत नाही (वाई, कास, लिंब, सगळीकडची गर्दी)

कृष्णाकाठची (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवाच्या प्रकारानंतर राहवलं नाही. मी वाईची, सून म्हणून आले त्याला आता २२ वर्षं झाली. घर मधल्या आळीत, नदी हाकेच्या अंतरावर. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रोज सकाळी नदीवर जायचं, पाय धुवायचे, तांब्याभर पाणी घेऊन काशीविश्वेश्वराला घालायचं आणि येताना ढोल्या गणपतीपुढं दोन मिनिटं बसायचं हा त्यांचा नेम, पाऊस असो नाहीतर थंडी. नदीला पूर आला तरच खंड पडतो.

परवा शनिवारी त्या गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. मला वाटलं चक्कर आली की काय. तर म्हणाल्या, पायऱ्यांवर फोटो चाललेत, मला बाजूला व्हायला सांगितलं. मी जाऊन बघितलं तर प्री-वेडिंग शूट चाललेलं, मुलीचा घागरा सात-आठ पायऱ्यांवर पसरलेला, खाली दोन पोरं रंगीत धुराच्या नळकांड्या घेऊन पाण्यात उभी, वर ड्रोन घोंघावतोय आणि त्या आवाजानं देवळाच्या शिखरावरची कबुतरं सारखी उडतायत. कॅमेरावाला पोरगा वाईट नव्हता हो, आजी आजी करूनच बोलला होता, "आजी, फ्रेममध्ये येताय, जरा तिकडून उतरा ना". तिकडून म्हणजे जिथं शेवाळ असतं तिथून. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रिकामा तांब्या आणून देवघरात पालथा घातला. २२ वर्षांत तो तांब्या पालथा मी पहिल्यांदा बघितला, खरंच सांगते.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा आळीत शिरेना, दोन्ही बाजूला एमएच १२, एमएच १४, एमएच ०२ च्या गाड्या लावलेल्या, मालक देवळात नाहीतर मिसळ खायला. शेवटी चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पुलापर्यंत उचलून नेलं. काका आता बरे आहेत, गणपतीची कृपा. पण पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा विचार रात्री झोपू देत नाही.

येऊच नका असं मी म्हणत नाहीये. आमच्याच आळीत चार घरं डबे आणि खोल्या देऊन चालतात. आणि गणपतीचं देऊळ १७६२ साली रास्त्यांनी बांधलं ते लोकांनी यावं म्हणूनच ना. पण काहीतरी हाताबाहेर गेलंय. तुमच्या गावाकडं काय परिस्थिती आहे ते लिहा, आणि कुणी काही करून बघितलं असेल तर तेही सांगा.

पुण्याचा_रायडर (सोमवार, रात्री ११:१५)

ताई, वाचून लाज वाटली. मी महिन्यातून एकदा तरी वाईला येतो, पसरणी घाटात सकाळी बाईक चालवायला. गाडी कुठं लावली याचा मी आजवर विचारच केला नव्हता, जागा दिसली की लावली. काकांना बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. मोकळं सांगा, आमच्यासारख्यांनी नेमकं काय केलेलं तुम्हाला हवंय?

सड्यावरचा (मंगळवार, सकाळी ७:०५)

ताई, मी कासकडचा. हंगामात वनसमितीच्या कामावर असतो, म्हणून जे रोज बघतो तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट. आमच्या पट्ट्यातली, जावळीतली निम्मी माणसं मुंबईला माथाडी कामाला. माझा बाप ३० वर्षं मसजिद बंदरला पाठीवर गोणी वाहत होता. २०१२ ला पश्चिम घाटातल्या जागांबरोबर कासला जागतिक वारसा मिळाला आणि गर्दी सुरू झाली, तसं गावात पहिल्यांदा गावातच पैसा मिळायला लागला. कुणी पार्किंगला, कुणी गाईड, बायकांची पिठलं-भाकरीची पालं. माझा भाऊ मुंबई सोडून परत आला. त्यामुळं पर्यटन वाईट असं माझ्या तोंडून यायचं नाही.

पण पठार म्हणजे काय ते येणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं माळ आहे, गवत आहे, चाला कुठूनही. अहो तो सडा आहे, जांभा खडक, आणि त्यावर दोन-चार बोटं माती. त्या मातीत सीतेची आसवं उगवतात, नखाएवढं निळं फूल, आणि त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात, ओल्या मातीतले किडे धरून खातं ते झाड, कारण मातीत दुसरं काही खायलाच नाही. एकदा एक कुटुंब लेकराला फुलात बसवून फोटो काढत होतं. मी ओरडलो नाही, बोलावलं, आणि ते उठल्यावर त्यांना जागा दाखवली, लेकरू बसलं होतं तेवढं वर्तुळ चपटं झालेलं, त्यात तेरडा, गेंद, सगळं मातीत रुतलेलं. त्या बाईचे डोळे भरले. माणूस वाईट नसतो, माहीत नसतं त्याला.

आता दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, गाड्या लांब लावून बसनं सोडतो. भांडणं होतात, लोक म्हणतात दोनशे किलोमीटरवरून आलो, आत सोडा. पण हा नियम टिकतो कारण नाक्यावर उभा असलेला माणूस आसपासच्याच गावातला असतो आणि पठार मेलं तर पोट त्याचं मरणार असतं. आमचंही सगळं बरोबर झालं नाही. मधी कुंपण घातलं, जनावरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं दबली. म्हातारी माणसं पहिल्यापासून सांगत होती, नंतर अभ्यासक पण तेच बोलायला लागले. माणसाला अडवायला गेलो आणि गुरांना अडवून बसलो.

पाचगणीचा_स्टॉलवाला (मंगळवार, सकाळी ९:३०)

ताई तुमचं दुःख कळतं, पण दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. माझा टेबल लँडच्या वाटेवर मका आणि स्ट्रॉबेरी क्रीमचा स्टॉल. वर्षातले ६०-७० दिवस धंदा, दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. बाकी दिवस माशा मारतो. पोराची फी त्या ६० दिवसांतच निघते. गर्दी कमी करा म्हटलं की पहिला मी मरतो, मोठं हॉटेल नाही मरत, त्यांचं बुकिंग महिनाभर आधीच झालेलं असतं.

आणि त्रास आम्हालाही आहेच की. २५ डिसेंबरच्या आठवड्यात पसरणी घाट चोंदतो, माझी स्वतःची स्ट्रॉबेरीची पाटी वाईवरून वर यायला तीन तास लागतात, तोवर फळ पाणी सोडतं. गाड्यांना आळा घाला, मी तुमच्या बाजूनं आहे. माणसांना घालू नका.

पादोव्हाचा_सातारकर (मंगळवार, दुपारी २:२०)

मूळचा शाहूपुरीतला, गेली ९ वर्षं इटलीत पादोव्हाला. इथून व्हेनिस ट्रेननं अर्धा तास, म्हणून तिथलं सांगतो.

१९५१ च्या सुमाराला व्हेनिसच्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची. आज ५० हजारांच्याही खाली. युद्ध नाही, साथ नाही. घरं पर्यटकांना भाड्यानं देण्यात जास्त पैसा म्हणून घरं गेली, मग किराणा दुकान गेलं, मग शाळेत पोरं उरली नाहीत. मी एका गल्लीतून बरेच दिवस जात होतो, तिथं एक भाजीवाला होता, एका हिवाळ्यात तिथं काचेचे मुखवटे विकणारं दुकान आलं. भाजी घ्यायला त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आता बोटीनं जातात.

त्यांनी उपाय केले. २०२१ पासून मोठ्या क्रूझ बोटी जुदेक्का या मोठ्या कालव्यातून बंद. २०२४ ला दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो शुल्क, ठरावीक २९ दिवसांसाठी, २०२५ ला ते दिवस ५४ केले आणि ऐनवेळी बुकिंग करणाऱ्याला १० युरो. गाईडच्या मागं २५ पेक्षा जास्त माणसं नकोत, लाउडस्पीकर नको. पण शुल्क लावून गर्दी हटली असं मला तरी दिसलं नाही, जो विमानाचं तिकीट काढून आलाय तो ५ युरोसाठी थांबत नाही. मला राहून राहून वाटतं, त्यांनी उपाय केले तेव्हा राहणारी माणसं आधीच निघून गेली होती.

कृष्णाकाठच्या ताई, तुमच्या आळीत वाडे विकले जातायत का? मला त्याची काळजी जास्त वाटते. गर्दी सोमवारी जाते. विकलेलं घर परत येत नाही.

कृष्णाकाठची (मंगळवार, दुपारी ३:००)

दादा, बरोबर दुखतंय तिथंच बोट ठेवलंत. गेल्या तीन वर्षांत आमच्या ओळखीचे दोन वाडे गेले. एकात आता खोल्या काढून होमस्टे झालाय, दुसऱ्याला कुलूप, मालक पुण्याचे. ज्यांचा गेला त्यांना तरी काय बोलणार, भावाभावांत वाटण्या, मुलं बाहेर, कौलं दरवर्षी शेकारायला पैसा नाही.

आणि त्याचा परिणाम कुठं दिसतो सांगू, कृष्णाबाईच्या उत्सवात. आमच्याकडं नदीकाठच्या सात आळ्या, प्रत्येक घाटाची वेगळी कृष्णाबाई, आळीपाळीनं उत्सव. प्रसादाच्या पंक्ती वाढायला आळीतलीच माणसं लागतात, पूर्वी वाढपी जास्त व्हायचे, पोरं भांडायची मला वरण वाढू दे म्हणून. यंदा आम्ही बायकांनी फोन करकरून पोरं गोळा केली. बघणारे आणि व्हिडिओ काढणारे मात्र भरपूर.

लोणंदकर (मंगळवार, रात्री ८:५०)

सगळं वाचलं. एक वेगळा मुद्दा मांडतो.

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. नीरास्नान, मग आमच्या लोणंदला मुक्काम, पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड. लाखानं माणूस येतो. आमच्या घरात त्या रात्री ओटीवर, गच्चीवर, गोठ्यात मिळून ४० जण झोपतात, विदर्भातली एक दिंडी आजोबांच्या वेळेपासून आमच्याच दारात उतरते. कास-वाईच्या शनिवारपेक्षा ही गर्दी किती तरी मोठी. तरीही गावातल्या कुणाला असं वाटत नाही की आपलं घर हिसकावलं.

का वाटत नाही यावर मी बराच विचार केला. एक तर माणूस चालत येतो. दुसरं म्हणजे प्रत्येक दिंडीला नंबर आहे, रथाच्या पुढं कोण मागं कोण ते ठरलेलं, उतरायची जागा ठरलेली, कुणी उठून कुठंही घुसत नाही. चोपदारानं चोप वर केला की एवढा जनसमुदाय गप्प होतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही. आणि तिसरं, येणारा माणूस तुमच्या दारात पाणी मागतो. मागतो हो. त्यामुळं आपण देणारे असतो.

नंतर कचरा होतो, खोटं कशाला बोलू. पालखी हलली की दोन दिवस गाव झाडतं. पूर्वी तर शेतं घाण व्हायची, आता तात्पुरती शौचालयं आणतात तेव्हापासून खूप फरक पडलाय. पण ती व्यवस्था आधी उभी करतात, माणूस नंतर येतो. घाटावर उलटं चाललंय.

निवृत्त_गुरुजी (बुधवार, सकाळी ६:३०)

लोणंदकरांचं पटलं, पण एक सांगितलं पाहिजे. यात्रा म्हटली की सगळं आपोआप शिस्तीत होतं असं नाही. मी वाई तालुक्यातच नोकरी केली. २५ जानेवारी २००५, मांढरदेवची काळुबाईची यात्रा, शाकंभरी पौर्णिमा. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या, माणसं घसरली, वरून लोंढा येतच राहिला, मग दुकानांना आग लागली. २९० च्या वर माणसं गेली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी त्यात होती. ती मुलगी महिनाभर वर्गात बोलली नाही.

त्यानंतर चौकशी आयोग नेमला, आणि तो दिवस लोक विसरले नाहीत म्हणून व्यवस्था बदलत गेली. श्रद्धेची गर्दी असो की फिरायला आलेली, अरुंद वाटेवर किती माणसं मावतात याला मोजमाप असतं आणि ते आधी करावं लागतं.

म्हणून काळजी प्रतापगडाची वाटते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात तोही आहे, ऊर भरून आला. पण तो किल्ला लष्करी आहे, वाटा मुद्दाम अरुंद आणि वळणाच्या केलेल्या, शत्रू एकदम घुसू नये म्हणून. जोडून सुट्टी आली की त्याच वाटेवर चढणारे उतरणारे समोरासमोर येतात. वेळा ठरवून माणसं वर सोडणं आत्ताच सुरू केलं पाहिजे.

बारा_मोटा (बुधवार, सकाळी ११:४५)

साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या विहिरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, माझं शेत तिथून जवळ आहे.

पूर्वी शाळेची सहल सोडली तर कुणी फिरकत नव्हतं. मग रील निघाले. आता रविवारी गावातल्या बैलगाडीच्या रस्त्यावर हायवेसारखी रांग लागते. विहीर कसली, जमिनीत उतरलेला वाडाच आहे तो. शके १६४१ ते १६४६ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली असं तिथल्या शिलालेखात आहे, म्हणजे १७१९ ते १७२४. पाणी आमराईसाठी. अष्टकोनी विहीर, वर महाल, खांबांवर कोरीवकाम, आणि बारा मोटा चालायच्या म्हणून बारामोटेची.

मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो. मोटेच्या जागी ते मला उभं करायचे आणि सांगायचे, बैल मागं आला की मोट खाली, पुढं गेला की वर, असं बारा ठिकाणी एकदम चाललं तर आवाज कसा असेल ऐक. मी डोळे मिटून ऐकायचो. परवा गेलो तर तिथंच एका दगडावर किल्लीनं बदाम कोरलेला आणि दोन नावं. मी हातानं घासत बसलो येड्यासारखा, दगडावरचं ओरखडं जातंय होय.

इथं भिंतीला रंग नाही, दगड आहे, म्हणून लोकांना वाटतं काय होतंय. अजिंठ्याला बघा, नुसत्या माणसांच्या श्वासानं आणि ओलाव्यानं चित्रांना धोका, म्हणून गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून तिथून बसनं नेतात, आत एका वेळी ठरावीक माणसं. फ्रान्समध्ये लास्कोची गुहा आहे, १९४० ला सापडली, लोकांना उघडली आणि श्वासानं चित्रांवर शेवाळ यायला लागलं म्हणून १९६३ ला बंद करावी लागली, आता हुबेहूब नक्कल बघायला मिळते. आपल्या विहिरीची नक्कल कोण करणार आहे?

पुण्याचा_रायडर (बुधवार, दुपारी १:१०)

गुरुजी, दादा, ताई, सगळं दोनदा वाचलं. आमच्या ग्रुपमध्ये ही लिंक टाकली. २६ जण आहेत, त्यातले काही चिडले, म्हणाले रस्त्यावर टोल भरतो, कर भरतो, आम्हाला कोण अडवणार. पण ११ जण म्हणाले, यापुढं घाटाजवळ गाड्या न्यायच्या नाहीत, स्टँडच्या बाजूला लावून चालत जायचं. सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याला आम्ही पावसात दोन तास अडकलो होतो आणि शिव्या आम्हीच देत होतो, गर्दी पण आम्हीच होतो.

सड्यावरचा (बुधवार, दुपारी ४:३०)

रायडर भाऊ, हे वाचून बरं वाटलं.

ताई, एक सुचवतो. आमच्याकडं जे जमलं ते ग्रामस्थ समितीच्या हातात पावती पुस्तक आल्यावर जमलं. तुमच्या सात आळ्या उत्सवाला आधीच बांधलेल्या आहेत, प्रत्येकीचा घाट ठरलेला आहे. त्याच आळीनं आपल्या घाटावरच्या शूटिंगची वेळ ठरवावी, पावती फाडावी, पैसा घाटाच्या डागडुजीला आणि त्या दिवशी उभ्या राहणाऱ्या पोराला. बाहेरचा ठेकेदार नेमला तर तो पावत्या मोजेल, सासूबाईंना वाट करून देणार नाही. आणि इथं सरकारच्या नवीन महाबळेश्वर या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पासाठी शेकडो गावांचं बोलणं चाललंय, त्यात आमच्यासारख्याला हाच प्रश्न पडलाय की नाक्यावर माणूस कुणाचा असेल.

पाचगणीचा_स्टॉलवाला (बुधवार, सायंकाळी ६:००)

याला माझा पूर्ण पाठिंबा. वाईत खाली गाड्या थांबवून वर एसटी सोडल्या तर माझं गिऱ्हाईक उलट निवांत येईल, गाडीत पेट्रोल जाळत बसलेला माणूस मका खात नाही.

कृष्णाकाठची (गुरुवार, रात्री ९:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आळीत बसलो होतो, १४ जण आले, त्यात ज्यांच्या खोल्या भाड्यानं जातात ते पण होते. दोन गोष्टी ठरल्या. सकाळी ६ ते ८ घाटावर शूटिंग नाही, तशी पाटी लावायची आणि नगरपालिकेला अर्ज द्यायचा. आणि पुलापासून आत चारचाकी फक्त आळीतल्या लोकांची. दुसऱ्या मुद्द्यावर वाद झाला, खोल्यावाले म्हणाले गिऱ्हाईक बॅगा घेऊन चालणार नाही. त्यावर एकानं सांगितलं, माझी हातगाडी आहे, बॅगा मी पोचवतो. अजून नक्की नाही, रविवारी परत बसतोय.

पुण्याचा_रायडर (गुरुवार, रात्री ९:४५)

ताई, पुढच्या बुधवारी सुट्टी टाकलीय. बाईक आणत नाही, स्वारगेटवरून एसटीनं येतो. आईला पण आणावं म्हणतो, तिनं वाई बघितलीच नाही. चालेल ना? आणि सकाळी आलो तर सासूबाईंच्या वेळेत मध्ये तर येणार नाही?

कृष्णाकाठची (गुरुवार, रात्री ९:५८)

अहो या की, आईंना नक्की आणा. स्टँडवरून रिक्षा करू नका, सावकाश चालत आलात तरी गणपतीच्या देवळापाशी पोचाल. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्हीकडं वाटून जावं म्हणून, ती आईंना दाखवा, बरेच जण पुढूनच परत जातात. चपला वरच काढा आणि डाव्या हाताच्या पायऱ्यांनी उतरू नका, तिकडं शेवाळ आहे. सासूबाई असतील तिथंच, मी सांगून ठेवते.